उणे तीन अंश आणि आष्टीचा रस्ता

चंद्रपूर जिल्ह्यात कुणालाही "गाडी कशी चालते?" असं विचारलं तर तो ॲव्हरेज सांगत नाही. "बाकी ठीक आहे जी, थोडी डावीकडे ओढते," असं सांगतो. ही तक्रार नसते, ओळख असते. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरल्यावर मात्र हेच वाक्य जरा हळू आवाजात म्हणायचा प्रघात आहे. तिथं कोण डावीकडे ओढतं आणि किती, याची नोंद सरकारने चार दशकं ठेवली आहे.

खरं म्हणजे यात गाडीचा दोष फारसा नसतो. हे बांधकाम खात्याचं काम, आणि विशेष म्हणजे त्यांनी ते मुद्दाम आणि योग्य कारणासाठी केलेलं असतं. पावसाचं पाणी साचू नये म्हणून डांबरी रस्ता मधोमध उंच आणि कडेला दोन-अडीच टक्के उतरता ठेवतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे जन्मभर उतारावर चालतो. स्टिअरिंग सोडलं की गाडी हळूच डावीकडे घसरणारच. पण हे कुणाला पटत नाही. गाडीवाला अलाइनमेंट करून घेतो, मशीनवर सगळे आकडे हिरवे येतात, तो खुशीत बाहेर पडतो आणि पहिल्या फर्लांगातच गाडी पुन्हा डावीकडे जाते. मग तो दुसऱ्या दुकानात जातो. नागपूर रोडवर एकाशेजारी एक इतकी अलाइनमेंटची दुकानं कशी तगतात, याचं उत्तर त्या दोन-अडीच टक्क्यांत आहे.

आमच्याकडच्या वाकडेपणाचे बाकीचे प्रकार मात्र अस्सल. घुग्घुस रोडला उभं राहून कोळशाचे ट्रक बघावेत. काही ट्रक तोंड शेताकडे करून रस्त्याने जातात. म्हणजे जातात सरळच, पण केबिन एका रेषेत आणि डाला दुसऱ्या. मागून बघणाऱ्याला ट्रकची मागची बाजू आणि एक अख्खी कड एकाच वेळी दिसते. कमान-पाट्याचा मधला बोल्ट तुटला की मागचा एक्सल एका बाजूने दोन बोटं सरकतो आणि ट्रक असा चालायला लागतो. ड्रायव्हरला विचारावं तर तो म्हणतो, "माल तर पोचते ना?" पोचतो. त्यावर कुठलाही इंजिनिअर निरुत्तर आहे.

अशा जिल्ह्यात माझा भाचा मागच्या दिवाळीला पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आला, आणि त्याने ती पैसे देऊन वाकडी करून आणली होती.

भाच्याला ट्रॅकचा नाद आहे. मित्रमंडळी वर्गणी काढून कोइम्बतूरला जातात. तिथं करी मोटर स्पीडवे म्हणून शर्यतीचा ट्रॅक आहे, एस. करिवर्धन या रेसिंगच्या गाड्या घडवणाऱ्या माणसाचं नाव त्याला दिलंय. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच रोजची गाडी दिवसभर त्या दोन-सव्वादोन किलोमीटरच्या रिंगणात पळवायची. संध्याकाळी जिथून निघाले तिथंच येतात. आमच्या ताईचं म्हणणं, एवढ्याच प्रदक्षिणा महाकालीला घातल्या असत्या तर पेट्रोल तरी लागलं नसतं.

गाडी दारात उभी राहिली तेव्हा आमचे शेजारी, वेकोलि या कोळसा कंपनीतून रिटायर झालेले, फाटकावर हात ठेवून बराच वेळ पुढची चाकं बघत राहिले. मग म्हणाले, "बाप्पा! गाडी फेंगडी झाली का जी?"

झाली नव्हती, केली होती. समोरून बघितलं तर दोन्ही चाकांची डोकी आत आणि पाय बाहेर. याला उणे कॅम्बर म्हणतात, आणि भाच्याने तो जवळजवळ तीन अंश ठेवला होता. तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण चाक साठ सेंटिमीटर उंच धरलं, तर त्याचा वरचा काठ खालच्या काठापेक्षा तीन सेंटिमीटर आत जातो. हे कंपनीच्या बोल्टांनी होत नाही. लहान गाड्यांना कंपनी टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते, तेवढा फिरवू देते, कॅम्बर तिने ठरवून दिलेला असतो. भाच्याने स्ट्रटच्या माथ्यावर वेगळी प्लेट बसवून घेतली होती. बॉनेट उघडून त्याने ती आम्हाला दाखवली. शेजारी म्हणाले, "चांगली आहे. पण काढता येते ना?"

भाच्याचं शास्त्र मात्र पक्कं होतं, ते मान्य केलं पाहिजे. गाडी जोरात वळते तेव्हा अंग बाहेरच्या बाजूला कलतं. सगळा भार बाहेरच्या दोन चाकांवर येतो आणि चाकंही अंगाबरोबर कलतात. सरळ बसवलेलं चाक अशा वेळी टायरच्या बाहेरच्या कडेवर उभं राहतं. रबराचा निम्मा पट्टा हवेत, उरलेला निम्मा भाजून निघतो. म्हणून चाक आधीच आत झुकवून ठेवायचं, म्हणजे ऐन वळणात ते नेमकं सपाट टेकतं. झुकाव बरोबर आहे का, हे बघायची रीतही त्याने सांगितली. फेऱ्या मारून गाडी आत आली की लगेच टायरला तापमापक टोचायचा. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड. बाहेरची कड फार तापली असेल तर कॅम्बर कमी पडला, आतली फार तापली असेल तर जास्त झाला. तिन्ही ठिकाणी जवळपास सारखं आलं की टायर सारखा झिजणार. मी त्याला सांगितलं की चंद्रपुरात मे महिन्यात पारा 47 च्या पुढे गेला की उभ्या गाडीच्या टायरलाही तिन्ही ठिकाणी सारखा चटका बसतो, त्यासाठी प्लेट लागत नाही. त्याने हे शास्त्रीय मत म्हणून स्वीकारलं नाही.

तर ट्रॅकवर टायर सारखा झिजावा म्हणून चाक तिरपं ठेवायचं आणि रस्त्यावर सारखा झिजावा म्हणून सरळ ठेवायचं. दोन्ही खरं. घोळ असा झाला की भाचा ट्रॅकची चाकं घेऊन रस्त्याने आला, आणि रस्ता होता समृद्धी महामार्ग. एकूण 701 किलोमीटर. त्यातला नागपूर-शिर्डीचा 520 किलोमीटरचा टप्पा 2022 च्या डिसेंबरात सगळ्यात आधी सुरू झाला, आणि तोच नेमका भाच्याच्या वाट्याला आला. सिमेंटचा, सरळसोट. वळणासाठी वाकवलेली चाकं आणि पाचशे किलोमीटर म्हणावं असं वळण नाही! दोन्ही टायर सगळा वेळ आतल्या कडेवर चालत आले. समृद्धीवर टायर फुटून अपघात व्हायला लागले तेव्हा परिवहन खात्याने झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवायची मोहीम काढली होती. पण तपासणारा माणूस उभा राहणार गाडीच्या बाजूला, आणि बाजूने भाच्याचा टायर कालच दुकानातून आणल्यासारखा दिसत होता. नक्षी खोल, कडा धारदार. आतला चार बोटांचा पट्टा बघायचा तर रस्त्यावर आडवं पडावं लागतं. आमच्या शेजाऱ्यांची नोकरी भूमिगत खाणीत गेल्यामुळे त्यांना आडवं पडायची सवय होती. त्यांनीच आतून हात फिरवला आणि बाहेर येऊन हात धोतराला पुसत जाहीर केलं, "आतून गुळगुळीत आहे."

प्रश्न पुण्याला परत जायचा नव्हता. भाच्याचा पहिला दिवाळसण होता आणि सासुरवाडी अहेरीला.

चंद्रपूरहून अहेरीला जायचं म्हणजे बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, मग वैनगंगेचा पूल आणि आष्टी. आष्टीपासून आलापल्ली, आणि आलापल्लीहून अहेरी हाकेच्या अंतरावर. आष्टीपर्यंत माणूस गाडी चालवतो. आष्टीच्या पुढे बराच काळ उलटं होतं. त्या रस्त्याचं नाव राष्ट्रीय महामार्ग 353 सी. साकोलीपासून वडसा, गडचिरोली करत सिरोंच्यापर्यंत जातो. नावात राष्ट्र आहे, महामार्ग आहे, बाकी सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आहेत. कुठे नवीन सिमेंटचा तुकडा, कुठे खोदून ठेवलेला, कुठे वळणरस्ता, आणि पावसाळ्यानंतर कुठे कुठला ते आदल्या दिवशी जाऊन आलेल्याला विचारायचं. दोन्ही बाजूंना साग मात्र ओळंब्यात उभा. त्या सगळ्या मुलखात सरळ तेवढी ती झाडंच.

भाच्याला घेऊन पडोलीला गेलो. तिथल्या एका दुकानात नवं थ्रीडी मशीन आहे. चारही रिमांना तबकड्या अडकवतात, समोरच्या खांबावरचे कॅमेरे त्या बघतात, गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात आणि पडद्यावर गाडीचं चित्र येतं. मशीनवर एक तरुण पोरगा. त्याने गाडी चढवली, तबकड्या लावल्या, पडद्याकडे बघितलं आणि एक तबकडी काढून पुन्हा लावली. पुन्हा बघितलं. पडदा कुंकू सांडल्यासारखा लाल.

"ॲक्सिडेंट झालता का जी?"

"नाही," भाचा म्हणाला. "सेटिंग आहे."

पोराने मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्री म्हणजे पडोलीतला जुना माणूस. आयुष्य ट्रकांचे एक्सल सरळ करण्यात गेलं. ते पडद्याकडे न बघता थेट चाकासमोर उकिडवे बसले.

"कोन्या गाडीनं ठोकलं?"

"कुणी नाही. मी करून घेतलं."

"पैसे देऊन?"

"हो."

मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुमी नव्हते वाटते सोबत."

मग भाच्याने त्यांना सगळं समजावून सांगितलं. हाताचा पंजा चाकासारखा उभा धरून, कलवून, वळवून. मिस्त्री फार मन लावून ऐकत होते. त्यांना पटतही होतं, कारण मधेच त्यांनी स्वतःचा पंजा कलवून बघितला.

"म्हंजे वळणावर सरळ होते."

"बरोबर."

"आन सरळ रस्त्यावर तिरपं चालते."

"हो, पण तिथं सरळ रस्ता थोडाच असतो."

"आन गड्ड्यात?"

"ट्रॅकवर गड्डे नसतात मिस्त्री."

मिस्त्री उठून उभे राहिले. "एकबी नाई?"

"एकही नाही."

"मंग तिथं अलाइनमेंट कायले लागते?"

भाच्याजवळ याचं उत्तर नव्हतं. असतं तरी त्याने दिलं नसतं. त्याऐवजी त्याने फॉर्म्युला वनचा फेटेल काढला. 2011 च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर रेड बुलवाल्यांनी पिरेलीने सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कॅम्बर लावला होता. पात्रता फेरीतच पुढच्या टायरना फोड आले. टायर कंपनी म्हणे सुरक्षित नाही, संघ म्हणे बघून घेऊ, आणि शेवटी सेबास्टियन फेटेल जिंकलाच. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तीही तोच जिंकला. 2012 ची आणि 2013 चीही. त्यानंतर आपल्याकडे शर्यत झालीच नाही, त्यामुळे भारतात त्याला हरवलेला माणूस सापडत नाही.

मिस्त्रींनी विचारलं, "त्याले टायर कोन देते?"

"कंपनी."

"आन तुमाले?"

यानंतर मिस्त्रींनी पोराला मशीन बंद करायला सांगितलं आणि भिंतीच्या खिळ्यावरून सुतळीचं भेंडोळं काढलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन लोखंडी घोडे मांडले, चाकांच्या मध्याच्या उंचीवर सुतळी ताणली, दोन्ही सुतळ्या गाडीच्या मध्याला समांतर आहेत का ते टेपने तपासलं आणि मग पट्टीने सुतळीपासून रिमच्या पुढच्या काठाचं आणि मागच्या काठाचं अंतर घेतलं. भाचा आधी हसत होता. मग त्याने खिशातून फोन काढून फोटो घेतले. कोइम्बतूरला ट्रॅकच्या कडेला जाणती मंडळी हेच करतात म्हणे. मशीन काही तिथं नेता येत नाही, म्हणून दोरी. जगभरचे हौशी रेसर अजून दोरीवर विश्वास ठेवतात. फरक इतकाच की त्यांची दोरी मासे धरायच्या गळाची, नायलॉनची असते आणि मिस्त्रींची युरियाच्या पोत्याची शिवण उसवून काढलेली होती.

सुतळीने सांगितलं ते मशीनच्या आकड्यांशी जुळलं. कॅम्बर तर होताच, पण पुढची चाकं तीन मिलिमीटर टो-आउट होती. म्हणजे वरून बघितलं तर दोघं एकमेकांवर रुसून बाहेर तोंड करून बसलेली. ट्रॅकवर हेही मुद्दाम करतात. चाकं आधीच बाहेर बघत असली की स्टिअरिंग फिरवताक्षणी गाडी वळणात घुसते. रस्त्यावर त्याचं काय होतं, याचा हिशेब मी तिथल्याच एका बिलाच्या पाठीवर केला. चाकाचा व्यास साठ सेंटिमीटर, त्यात तीन मिलिमीटरचा फरक, म्हणजे दोनशेत एक. गाडी एक किलोमीटर पुढे गेली की दोन चाकं मिळून पाच मीटर आडवी घासतात. चंद्रपूर ते गडचिरोली मूलमार्गे साधारण ऐंशी किलोमीटर. तेवढ्यात चारशे मीटर. म्हणजे माणूस गडचिरोलीला पोचला असं समजतो, तेव्हा त्याच्या टायरांनी मधल्यामधे जटपुरा गेटपासून गांधी चौकाच्या दिशेने एक चक्कर आडवी मारलेली असते. टायर खाण्यात टोचा हात पहिला, कॅम्बरचा दुसरा. तिसरा कोन कास्टर, ज्यामुळे वळण संपलं की स्टिअरिंग आपणहून सरळ होतं. तो टायर जवळजवळ खात नाही, म्हणून त्याची चौकशीही कुणी करत नाही.

टो चालत्या गाडीत बदलता आला तर किती बरं, असं जगात बऱ्याच जणांना वाटलं असेल. फॉर्म्युला वनमध्ये मर्सिडीजने ते करून दाखवलं. 2020 च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या चाचणीत लुईस हॅमिल्टन सरळ पट्ट्यावर स्टिअरिंगच स्वतःकडे ओढताना दिसला आणि त्याबरोबर पुढच्या चाकांचा टो बदलताना दिसला. वळण आलं की पुन्हा पुढे ढकलायचं. सगळं पॅडॉक थक्क झालं. पुढच्या वर्षापासून नियम करून ते बंद केलं. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर ही सोय पूर्वीपासून आहे. स्टिअरिंग ओढावं लागत नाही, काहीच करावं लागत नाही. एका गड्ड्यात टो आत जातो, दुसऱ्यात बाहेर येतो. बंदीची मागणी इथंही झाली, त्यासाठी चक्काजामही झाले, पण आमच्याकडे नियम इतक्या लवकर बदलत नाहीत.

मिस्त्रींची गाडीबद्दलची एकूण मतं ताडोबाच्या जिप्सींवर तयार झालेली आहेत. मारुतीने जिप्सी 1985 च्या डिसेंबरात आणली आणि 2018-19 च्या सुमारास बंद केली, पण मोहर्ली-कोलाराच्या गेटवर अजून त्यांचं राज्य आहे. मिस्त्रींच्या मते देशात झालेली शेवटची शहाणी गाडी तीच.

"तिले कॅम्बरच नाई," ते अभिमानाने म्हणाले.

हे अक्षरशः खरं नसलं तरी व्यवहारात खरं आहे. जिप्सीला पुढेही आणि मागेही सलग एक्सल, आणि चारही चाकांना कमान-पाटे. दोन चाकं एकाच दांड्याच्या दोन टोकांना. कॅम्बर बदलायचा तर दांडाच वाकवायला हवा. जुळवायचा फक्त टो, तोही एका सळीवर. पण याच्यातली गंमत भाच्याच्या लक्षात आधी आली आणि मग तो जरा गप्प झाला. जंगलात वाघ डावीकडे दिसला की जिप्सीतले सगळे पर्यटक एकाच वेळी डाव्या कठड्यावर ओणवे होतात. गाईड "बैठ जाइए, बैठ जाइए" करत राहतो. अंग पार कलतं, कॅमेऱ्याच्या नळ्या झाडाच्या फांद्यांना लागतात. चाकं मात्र तशीच, जमिनीवर सपाट, कारण एक्सलला अंगाच्या कलण्याशी कर्तव्य नसतं. अंग कललं तरी टायर सपाट टेकावा, यासाठीच तर भाच्याने प्लेट, बोल्ट आणि दोन टायर खर्ची घातले होते. ते ताडोबात ताशी वीसच्या वेगाने, कुणाच्याही लक्षात न येता, रोज दोन वेळा होतं.

"पण मग रेसमध्ये सलग एक्सल का वापरत नाहीत?" मी विचारलं. भाचा म्हणाला, एक चाक उंचवट्यावर चढलं की त्याच दांड्यावरचं दुसरंही कलतं, आणि एक्सलचं वजन फार. मिस्त्री म्हणाले, "वाघ पळून थोडीच जाते."

काम करताना एक अडचण आली. पक्की अलाइनमेंट करणारे लोक ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाएवढं ओझं ठेवतात, कारण माणूस बसला की गाडी दबते आणि कोन बदलतात. रेसवाले त्यासाठी रेतीची पोती ठेवतात. भाच्याने रेतीची पोती आहेत का असं विचारल्यावर दुकानात एकदम शांतता पसरली. वैनगंगेच्या काठच्या जिल्ह्यांत अनोळखी माणसाने भर दुपारी रेतीबद्दल विचारू नये. पोरगा तर बाहेर जाऊन रस्त्यावर तहसीलची गाडी नाही ना, ते बघून आला. शेवटी दिवाळसणाला नेण्यासाठी डिकीत ठेवलेलं एचएमटी तांदळाचं पोतं पुढच्या सीटवर आणून त्याला बेल्ट लावला. हा तांदूळ नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून-निवडून तयार केलेला. स्वतःच्या जेमतेम शेतात त्यांनी तो वाढवला आणि नाव दिलं घड्याळाच्या कंपनीचं. भात पिकवणाऱ्या अहेरीकडे चंद्रपूरहून तांदूळ का न्यायचा, हे विचारायचं नाही. ताईने बांधून दिलाय.

मिस्त्रींनी वरच्या प्लेटा काढल्या, कंपनीचे मूळ माथे बसवले आणि कॅम्बर अर्ध्या अंशाच्या आत आणला. टो-आउट काढून चाकं नाकासमोर आणली, किंचित आतच. भाच्याने बारीक आवाजात, निदान दीड अंश तरी राहू द्या, असं म्हणून बघितलं. मिस्त्रींनी त्याला दुकानाबाहेर नेलं आणि रस्ता दाखवला. खनिजाचे ट्रक वळतात तिथं डांबरात दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. ट्रकच्या दोन चाकांमधलं अंतर मोठं, आपल्या गाडीचं लहान. त्यामुळे गाडीचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर. चाकोरीतलं चाक भिंतीला घासत चालतं, उंचवट्यावरचं निसटू बघतं, आणि स्टिअरिंग हातातल्या हातात झटके देतं. चाकं बाहेर तोंड करून बसवली असतील तर प्रत्येक चाकोरी त्यांना आपलीच वाटते. "इथं हे अस्सं," मिस्त्री म्हणाले, "आष्टीच्या पुढं गुडघाभर."

टायर राहिले होते. आतल्या कडेला झीजखुणा उघड्या पडल्या होत्या, म्हणजे नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली होती, आणि त्याखाली गेलेला टायर बदलायचाच असतो. साधा टायर रिमवर उलटा करून बसवला तर झिजलेली बाजू बाहेर येते आणि थोडे दिवस निघतात. ट्रकवाले हे सर्रास करतात. पण भाच्याचे टायर भारीतले, दोन बाजूंना दोन वेगळ्या नक्ष्या असलेले, आणि बाहेरच्या अंगाला बाहेरची बाजू असं कोरलेलं. ते उलटत नाहीत. मिस्त्रींनी टायरवर थाप मारली.

"सासऱ्याले फोन करा. म्हणा, अंगठी नको, दोन टायर द्या."

भाचा म्हणाला, अंगठी आधीच घेऊन झाली आहे. मिस्त्रींनी हळहळ व्यक्त केली आणि उधारीवर दोन साधे टायर काढून दिले, कुठल्याही बाजूने बसणारे.

शेवटी गाडी पुन्हा मशीनवर चढली. पोराने तबकड्या लावल्या, तांदळाचं पोतं नीट बसलंय ना ते बघितलं, आणि पडदा सगळा हिरवा झाला. चारही चाकं, सगळे कोन. भाच्याला त्याची छापील प्रत हवी होती. पोराने काढून दिली. मिस्त्रींनी ती आधी स्वतःच्या हातात घेतली, उन्हात धरली, वरून खालपर्यंत बघितली आणि मग भाच्याला दिली.

"हा कागद सांभाळून ठेवा जी. आष्टीच्या पुढं एवढा एकच सरळ राह्यते."

भाच्याने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि पँटच्या मागच्या खिशात कोंबला.